औषधं किती दिवसांची उरलीत?

२३ मार्च २०२०, सोमवार. आदल्या दिवशी जनता कर्फ्यू झालेला, संध्याकाळी पाचला आमच्या कॉलनीत थाळ्या वाजवून झालेल्या, आणि सोमवारी आम्ही सात-आठ जण ऑफिसात आलो ते कुलपं लावायलाच. मी विद्यापीठाच्या आस्थापना विभागात कक्षाधिकारी. मस्टर कपाटात ठेवलं, कपाट बंद केलं, किल्ली पर्समध्ये टाकली. आमच्या शिपाईमामांनी माठ रिकामा करून पालथा घातला. "साठल्या पाण्यात डास होतात, मॅडम. आठवडाभराचाच प्रश्न आहे म्हणा, पण नको."

दुसऱ्या दिवशी रात्री आठला पंतप्रधानांनी एकवीस दिवस सांगितले. तिसऱ्या दिवशी पाडवा होता. साखरगाठी कुठे मिळाली नाही, म्हणून गुढीपुढे वाटीत साखर ठेवली.

आस्थापना म्हणजे नेमणुका, रजा, बढत्या, सेवापुस्तकं, निवृत्तीचे कागद. माणूस नोकरीला लागताना आमच्याकडे येतो आणि निवृत्त होताना येतो. मधली तीस वर्षं त्याची फाईल आमच्याकडे असते, तो नसतो. त्यामुळे आठवड्याच्या शेवटी वरून फोन आला, "सर्व कर्मचाऱ्यांशी दूरध्वनीवर संपर्क ठेवा, रोज पाच वाजेपर्यंत अहवाल द्या," तेव्हा आमच्या विभागातले आम्ही चौघं जरा गडबडलोच. आम्हाला लोकांचे सेवाज्येष्ठता क्रमांक पाठ. फोन नंबर कुणाला माहीत?

मस्टरवर तेव्हा ४१२ नावं होती. नंबर मिळाले ते एका जुन्या ज्येष्ठता यादीवरून, आणि त्यातले निम्मे बदललेले. एक नंबर तर आमच्या लिपिकाच्या घटस्फोटित पत्नीकडे लागला. तिने शांतपणे सांगितलं, "ते आता इथे नसतात," आणि नवा नंबर दिला. असं करत चार दिवसांत यादी बसली. प्रत्येकाच्या वाट्याला शंभरेक घरं.

पहिले पाच दिवस आमचा संवाद असा:

"नमस्कार, आस्थापनेतून बोलतेय. कसे आहात?"

"बरे आहोत मॅडम. तुम्ही कशा आहात?"

"मी बरी आहे. काळजी घ्या."

"हो हो. तुम्हीपण."

पाच वाजता अहवाल जायचा: सर्व कर्मचारी कुशल आहेत. वरचे खूश, आम्ही खूश.

सहाव्या दिवशी रसायनशास्त्रातल्या एका प्रयोगशाळा सहायकांना फोन केला. त्यांचं "बरे आहोत मॅडम" चालू असतानाच मागून बाईंचा आवाज आला, "सांगा की त्यांना, गोळ्या संपल्यात ते!" ते म्हणाले, "काही नाही मॅडम, घरातलं बोलणं आहे." मी विचारलं, कसल्या गोळ्या? मधुमेहाच्या. चार दिवसांपासून नव्हत्या. नेहमीच्या दुकानात ती कंपनी मिळेना, दुसरी कंपनी दुकानदार चिठ्ठीशिवाय देईना, आणि चिठ्ठी देणारा दवाखाना बंद. हा गृहस्थ मला पाचही दिवस बरा आहे म्हणून सांगत होता. खोटं बोलत नव्हता. आस्थापनेतून फोन आला की माणूस बरंच असल्याचं सांगतो. आमच्याकडून फोन येतो तो रजा शिल्लक नाही हे सांगायला किंवा वसुली लागलीय हे सांगायला.

त्या रात्री आम्ही चौघं फोनवर बसलो आणि प्रश्न बदलला. "कसे आहात" काढून टाकलं. त्याऐवजी: घरी कोण कोण आहे? औषधं किती दिवसांची उरलीत? गॅस कधी लावला? घरात मोबाईल किती? यातल्या एकाही प्रश्नाला "बरं आहे" असं उत्तर देता येत नाही. एका दोनशे पानी रजिस्टरमध्ये मी रकाने आखले. औषधांचा रकाना सगळ्यात रुंद ठेवला.

दुसऱ्याच दिवशी अकरा घरं अशी निघाली की जिथे रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या आठवड्याच्या आत संपणार होत्या. एका घरी मुलाच्या फिट्सचं औषध दोन दिवसांचं होतं. विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमना मी यादी पाठवली. जुन्या चिठ्ठीचा फोटो त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर जायचा, त्या त्याच औषधाचं दुसऱ्या कंपनीचं नाव लिहून सहीशिक्क्याचा फोटो परत पाठवायच्या, आणि सुरक्षा विभागाची जीप संध्याकाळी मेडिकलमधून पिशव्या गोळा करून घरोघर टाकायची. जीपचालक आमचाच माणूस. त्याला पोलिसांचा पास काढून दिला होता. तो पिशवी फाटकाला अडकवायचा आणि हॉर्न दोनदा द्यायचा. फिट्सचं औषध त्याने जीप न थांबवता चाळीस किलोमीटरवरून आणलं.

या सगळ्यासाठी कुठलं परिपत्रक नव्हतं. जीपचं लॉगबुक भरताना 'कामाचे स्वरूप' या रकान्यात काय लिहायचं असं त्याने विचारलं. मी म्हटलं, "शासकीय काम" लिही.

त्याआधीच ३१ मार्चला दुसरी बातमी आली होती. राज्य सरकारने मार्चचा पगार दोन टप्प्यांत द्यायचं ठरवलं: अ आणि ब वर्गाला आत्ता निम्मा, क वर्गाला पाऊण, ड वर्गाला पूर्ण. आधी लोकांना वाटलं कापलाच. नंतर खुलासा झाला की राहिलेला पुढे मिळेल. पण हप्ते थोडेच दोन टप्प्यांत जातात? रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला तीन महिने हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली होती, ती बँकांच्या कर्जाला. आमच्या लोकांची खरी कर्जं कर्मचारी पतसंस्थेत. मुलीचं लग्न, घराचा स्लॅब, बोअर, सगळं पतसंस्थेतून, आणि त्याची कपात थेट पगारातून. निम्मा नाहीतर पाऊण पगार, त्यातून पूर्ण कपात, हातात काय राहणार? एका क वर्गातल्या माणसाचं मी गणित करून पाहिलं: सव्वाचार हजार.

पतसंस्थेचे अध्यक्ष माझ्या ओळखीचे. म्हणाले, "ताई, संचालक मंडळाचा ठराव लागतो, आणि सभा घ्यायला बंदी आहे." मी म्हटलं, फोनवर घ्या. त्यांनी अकरा संचालकांना एकापाठोपाठ एक फोन लावले, प्रत्येकाचं 'मान्य' व्हॉट्सअ‍ॅपवर मागवलं, त्या अकरा मेसेजांचे फोटो कागदावर चिकटवले आणि खाली ठराव लिहिला. तीन महिने मुद्दल थांबवलं, व्याज तेवढं घ्यायचं. विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांना त्या एप्रिलमध्ये सगळ्यात मोठा आधार कुठून मिळाला असं कुणी विचारलं, तर मी या ठरावाचं नाव घेईन.

मग वेबिनार सुरू झाले. 'टाळेबंदीतील ताणतणाव व्यवस्थापन', 'सकारात्मक विचारांची गुरुकिल्ली' वगैरे. उपस्थिती अनिवार्य, शेवटी गुगल फॉर्म, फॉर्म भरला की प्रमाणपत्र. आमच्या विभागातल्या एका लिपिक ताईकडे घरात मिळून एकच स्मार्टफोन. सकाळी थोरल्याचा दहावीचा वर्ग, दुपारी धाकटीचा, आणि मध्ये हिचा सकारात्मक विचार. दोन खोल्यांचं घर, सासरे आजारी, म्हणून ती जिन्यात बसून टिपणी लिहायची. एकदा तिने मला तसाच जिन्यातून फोन केला आणि कुजबुजत म्हणाली, "मॅडम, ताणतणावाचं चालू आहे, नंतर बोलू का?" आम्ही दोघीही इतक्या हसलो की तिच्या मागून कुणीतरी दार उघडून पाहिलं.

समुपदेशनाची हेल्पलाईनही काढली होती. मानसशास्त्राचे दोन प्राध्यापक मनापासून फोनपाशी बसायचे. महिनाभरात कर्मचाऱ्यांचे आले तीन फोन, त्यातला एक पगार कधी होणार म्हणून. मामांना विचारलं तर म्हणाले, "सरांना मी रोज चहा देतो. त्यांना घरातलं सांगून उद्या चहा कसा द्यायचा?" खरंच होतं. पुढे दुसऱ्या शहरातल्या ओळखीच्या समुपदेशकांचे नंबर दिले, तेव्हा लोक बोलायला लागले. किती आणि काय ते आम्ही विचारलं नाही. अहवालात तो आकडा मागितला गेला, मी रकाना कोरा ठेवला.

टिपण्यांचं म्हणाल तर आमचं ऑफिस चालतं कागदावर. घरून काम म्हणजे फाईलच्या पानांचे फोटो काढायचे, कॅमस्कॅनरमधून पीडीएफ करायची, वर पाठवायची. वरचे त्यावर सही करून पुन्हा फोटो. तीन महिने आख्खं विद्यापीठ त्या अ‍ॅपवर चाललं. २९ जूनला केंद्राने ५९ चिनी अ‍ॅप बंद केले, त्यात टिकटॉकबरोबर आमचं कॅमस्कॅनरही गेलं. टिकटॉकसाठी कोण किती रडलं माहीत नाही, आमच्या जावक लिपिकाच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं त्याकडे येते. ४१२ हा आकडा मस्टरचा. कॅम्पसवर रोज वावरणारी माणसं सातशेच्या वर. झाडलोट करणाऱ्या मावश्या, बागेतले, गेटवरचे रखवालदार हे ठेकेदाराचे. शिवाय विभागांमध्ये तासिका तत्त्वावर शिकवणारे तरुण प्राध्यापक, ज्यांना तास घेतला तर पैसे, नाहीतर नाही. यांची यादी आस्थापनेत नसतेच. "सर्व कर्मचारी कुशल आहेत" या वाक्यात ते धरलेले नव्हते, आणि आठ-दहा दिवस आम्हाला ते जाणवलंसुद्धा नाही.

जाणवलं ते मामांमुळे. आमच्या मजल्यावरच्या मावशींकडे माझा नंबर नव्हता, मामांचा होता. मामांनी फोन जोडून दिला.

"मॅडम, सुपरवायजर म्हनतो काम न्हाई तर पगार न्हाई. आमी येतो म्हनलेलो. त्येंनीच गेट लावलं. आता गेट लावलं ती काय आमची चूक हाय का?"

मी टिपणी लिहिली. २९ मार्चला केंद्रीय गृहमंत्रालयाने आदेश काढला होता की बंदच्या काळात कामगारांचं वेतन कापू नये. तो संदर्भ क्रमांक एक. सबब, ठेकेदाराकडील कामगारांचे मार्च-एप्रिलचे वेतन अदा करण्याची बाब मान्यतेस्तव सादर. दोन दिवसांनी शेरा आला: "सदर कामगार विद्यापीठाचे कर्मचारी नाहीत. लेखापरीक्षणात आक्षेप संभवतो. चर्चा करावी."

ज्यांनी कचेरीत नोकरी केलीय त्यांना 'चर्चा करावी' म्हणजे काय ते सांगायला नको. फाईल नाकारली असं होत नाही, मंजूर झाली असंही होत नाही. आणि चर्चा कुठे करणार? ऑफिसच बंद.

तोवर आम्ही पाचपाचशे रुपये काढले. एक दिवसाचा पगार मुख्यमंत्री सहायता निधीला गेलाच होता, हे त्याच्या वरचे. पाच किलो तांदूळ, पाच किलो पीठ, तूरडाळ, तेल, मीठ, चहासाखर अशा पिशव्या केल्या. जीपवाल्याने पुन्हा दोनदा हॉर्न वाजवला. पिशव्यांचा विचार करताना तासिकावाल्या प्राध्यापकांचीही आठवण झाली. नेट झालेला, पीएचडी झालेला एक मुलगा, भाड्याच्या खोलीत बायको आणि सहा महिन्यांचं बाळ. मी फोन केला. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, किट नको. माझं बिल काढा. जानेवारीपासूनचं आहे."

मला लाज वाटली. बिल खरंच होतं, विभागाच्या ड्रॉवरमध्ये, तीन प्रतींत. आम्ही परवानगी काढून तो विभाग उघडला, त्याच्यासारख्या सतरा जणांची बिलं बाहेर काढली. जानेवारी-फेब्रुवारीची सरळ गेली. मार्चअखेरपासून त्यांनी ऑनलाईन तास घेतले होते, तिथे अडलं. छापील नमुन्यात रकाने आहेत: दिनांक, वेळ, घटक, विद्यार्थी उपस्थिती, खोली क्रमांक. मुलांनी खोली क्रमांकाच्या जागी 'ऑनलाईन' लिहिलं. लेखा विभागाकडून बिलं परत: खोली क्रमांक नमूद नाही, पूर्तता करून सादर करावे. मी फोन करून म्हटलं, अहो, खोली नव्हतीच. तिकडचे म्हणाले, "मॅडम, मला कळतंय. पण ऑडिटला काय दाखवू?" शेवटी त्यांच्याच एका जुन्या लेखापालाने तोड काढली. त्याने विभागप्रमुखांचा दाखला घेतला: "सदर तासिका घेतल्या, त्या वेळी विद्यार्थ्यांना खोली क्र. १०४ नेमून दिलेली होती." वेळापत्रकात ती नेमलेली होतीच, त्यामुळे वाक्य खोटं नव्हतं. जुलैत पैसे जमा झाले. त्या मुलाने मेसेज केला, फक्त एक रकमेचा आकडा आणि पुढे नमस्काराचे हात.

आणि मावश्यांचं? त्यांची फाईल माझ्या टिपणीने हलली नाही. मे महिन्यात जिल्हा प्रशासनाने आमची दोन वसतिगृहं विलगीकरणासाठी ताब्यात घेतली. तिथे सफाई कोण करणार असा प्रश्न आला आणि एका रात्रीत मावश्या अत्यावश्यक झाल्या. सुपरवायझर बोलवायला गेला. आमच्या मावशी म्हणाल्या, "आधी मागचं द्या, मग झाडू धरतो." बारा बायका एका शब्दावर बसून राहिल्या. चार दिवसांत मंजुरी आली, प्रत्येकीच्या खात्यात पैसे जमा झाल्याचा पुरावा जोडायच्या अटीवर. अट मीच घातली होती, कारण ठेकेदार आम्हाला ठाऊक होता. मे संपायच्या आत दोन महिन्यांचा पगार झाला. नंतर त्या पीपीई किट घालून कामाला लागल्या. किट दिवसाला एकच मिळायचं, म्हणून पाणी न पिता सहा तास काढायच्या. पाणी प्यायलं की लघवीला जायचं, आणि किट उतरवलं की दुसरं नाही.

जूनमध्ये ऑफिस थोडंथोडं उघडलं. माठ सुलटा केला तर तळाला तडा गेलेला. पाळ्या लावून हजेरी सुरू झाली आणि आता माणसं समोर दिसतात म्हणून आम्ही फोन बंद केले. हा निर्णय माझा. तो चुकला.

ऑगस्टमध्ये एक प्रयोगशाळा परिचर सलग तीन पाळ्यांना आला नाही. फोन बंद. मी नेहमीच्या पद्धतीने मेमो काढला: आपण विनापरवानगी गैरहजर आहात, तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा, अन्यथा आपणांस काही म्हणावयाचे नाही असे गृहीत धरण्यात येईल. सही करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. चौथ्या दिवशी वहीच्या पानाचा फोटो आला. अक्षर मोठं, शाळकरी.

"खुलासा. पत्नी पॉझिटिव्ह. गल्लीला पत्रे ठोकले. शेजारचे फोन करून शिव्या देत होते म्हणून फोन बंद ठेवला. मुलगी आणि मी आत आहोत. कळवले नाही याबद्दल दिलगीर आहे."

माझ्या यादीतलं घर होतं ते. एप्रिलमध्ये मी त्या मुलीशी बोलले होते, तिने मला औषधांची नावं स्पेलिंगसकट सांगितली होती. आता तिची आई दवाखान्यात, गल्लीच्या तोंडाला पत्रा, आणि आस्थापनेकडून आलं काय, तर मेमो. मी फोन लावला, लागला नाही. मेसेज केला, "मेमो रद्द समजा, काळजी घ्या." पण जावक क्रमांक पडलेला मेमो 'समजा' म्हणून रद्द होत नाही, त्याला दुसरं पत्र लागतं. ते काढलं. दोन्ही पत्रं आजही त्याच्या सेवापुस्तकाच्या फाईलमध्ये एकाखाली एक आहेत. त्याची पत्नी बरी होऊन घरी आली. मला तो अजून तितक्याच आदराने नमस्कार करतो, त्याचंच जास्त वाटतं.

त्यानंतर दर मंगळवारी फोन पुन्हा सुरू केले, आणि नियम केला की मेमो काढण्याआधी घरी माणूस किंवा निदान फोन पोचला पाहिजे. गल्ली सील असल्याचा कागद नसेल तर पत्र्याचा फोटो लावला तरी तेवढे दिवस कर्तव्यकाळ धरायचे, हेही मंजूर करून घेतलं. रजेच्या फायलींमध्ये आमच्याकडे पत्र्यांचे बावीस फोटो आहेत. एकात पत्र्यावर कुणीतरी खडूने स्टंप काढलेत.

परीक्षांचं फार लिहीत नाही. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्या लागतील असं सांगितलं, ऑक्टोबरात त्या ऑनलाईन झाल्या, त्या दिवसांत परीक्षा विभागातली माणसं घरी जात नव्हती, सर्व्हर पडला की शिव्या मात्र त्यांनाच. त्याच सुमारास सातव्या वेतन आयोगासाठी आमच्या संघटनांचं लेखणीबंद आंदोलनही झालं. बाहेरच्यांना ते अवेळी वाटलं. आतून पाहिलं तर दुसरी वेळ कधी आली असती मला कळत नाही.

दुसऱ्या वर्षीचा पाडवा १३ एप्रिलला होता. १४ च्या रात्रीपासून पुन्हा निर्बंध, पुढच्या आठवड्यात सरकारी कार्यालयांत उपस्थिती १५ टक्के. रजिस्टरमधले प्रश्न आता उपयोगाचे नव्हते. ग्रुपवर दिवसरात्र एकच: ऑक्सिजन बेड कुठे आहे, रेमडेसिविर कुठे मिळेल. बेड आमच्या हातात नव्हता. हातात होते ते पैसे. वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती नंतर मिळते, पण दवाखाना दारातच अनामत मागतो. नियमात वैद्यकीय अग्रिम, म्हणजे आगाऊ रक्कम, आहे, त्याला अर्ज, अंदाजपत्रक, शिफारस, मंजुरी असे किमान पंधरा दिवस. वित्त अधिकाऱ्यांना मी रात्री साडेदहाला फोन केला. त्यांच्याबद्दल माझं मत त्या दिवसापर्यंत फारसं चांगलं नव्हतं. ते म्हणाले, "दाखल झाल्याच्या कागदाचा फोटो पाठवा, सकाळी एक लाख सोडतो. कागदपत्रं नंतर. कार्योत्तर मान्यता मी घेतो." एप्रिल-मे मिळून एकोणतीस जणांना असे पैसे गेले. त्यातले सहा जण वाचले नाहीत.

सहांमधले एक माझ्या शेजारच्या टेबलावरचे वरिष्ठ सहायक. अठरा वर्षं आम्ही एकाच पंख्याखाली बसलो. पहिल्या लाटेत त्या चार जणांतले ते एक, फोन करायला सगळ्यात गोड. त्यांच्या पत्नीचा, आमच्या वहिनींचा, फोन नवव्या दिवशी आला. पैशाचं काही नाही. "त्यांचा डबा ऑफिसात राहिलाय का हो? घरी सापडत नाही." ड्रॉवर उघडला. डबा होता, धुऊन, वर्तमानपत्रावर पालथा घातलेला. मामा पोचवायला गेले. मला जमलं नाही.

मग सेवापुस्तक काढलं. २००३ ची नेमणूक, म्हणजे जुनी पेन्शन, भविष्य निर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), सगळं लागू. नामनिर्देशनाचं पान उघडलं तर तिथे आईचं नाव. नोकरीला लागले तेव्हा अविवाहित होते. लग्नाआधीचं नामनिर्देशन कुटुंब झाल्यावर चालत नाही, नवं भरावं लागतं, आणि आई तर २०१६ मध्येच गेल्या होत्या. हाच माणूस इतरांची नामनिर्देशनं तपासायचा! वारसांचे दाखले, प्रतिज्ञापत्रं, तहसील, असं करत वहिनींच्या हातात रक्कम पडायला पाच महिने लागले. त्या दर वेळी म्हणायच्या, "तुम्हाला त्रास होतोय."

आम्ही सगळी सेवापुस्तकं तपासायला घेतली. दर तिसऱ्या पुस्तकात काहीतरी होतं: आईवडील गेलेले, बायकोचं माहेरचं नाव, मुलं जन्मायच्या आधीचा कागद, काहींत पान कोरंच. पण मे २०२१ मध्ये माणसाला "तुमच्या पश्चात पैसे कुणाला" हे कसं विचारायचं? परिपत्रकाचा मसुदा मी चार वेळा फाडला. शेवटी लिहिलं, 'सेवापुस्तके अद्ययावत करणेबाबत', आणि आत मृत्यू हा शब्द येऊ दिला नाही. दोन दिवसांत उत्तरं आली पाच.

तिसऱ्या दिवशी मला सुचलं की आपलं पाहावं. माझ्या पुस्तकात माझ्या वडिलांचं नाव होतं. ते २००९ मध्ये गेले. बारा वर्षं मी दुसऱ्यांच्या त्रुटी काढत होते. मी माझा नवा नमुना भरला, नवऱ्याचं आणि दोन्ही मुलांचं नाव घातलं, साक्षीदार म्हणून मामांची सही घेतली आणि जुन्या पानाचा व नव्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "माझंच चुकलेलं होतं. तुमचं बघा." रात्री अकरापर्यंत त्रेसष्ट फोटो आले. एकाने विचारलं, "मॅडम, एवढं वाईट आहे का?" मी लिहिलं, "नाही हो, पुस्तकं नीट लावतोय."

गेल्या वर्षी लेखापरीक्षण पथक आलं. चांगली माणसं होती, चहा घ्यायची, घरची चौकशी करायची. जाताना आक्षेपाचा परिच्छेद ठेवून गेली: टाळेबंदीच्या कालावधीत प्रत्यक्ष काम झालेले नसताना ठेकेदारास सफाई कामगारांपोटी अदा केलेली रक्कम अनियमित असून ती संबंधितांकडून वसूलपात्र ठरते. संबंधित म्हणजे टिपणी ज्यांनी लिहिली ते.

म्हणजे या वेळी खुलासा मलाच द्यायचा आहे. गृहमंत्रालयाचा २९ मार्चचा आदेश जोडलाय, बारा मावश्यांच्या बँकेच्या नोंदी जोडल्यात, वसतिगृहं ताब्यात घेतल्याचं पत्र जोडलंय. मसुदा लिहीत होते तेव्हा आमच्या मावशी टेबल पुसायला आल्या. "काय लिवताय एवढं?" तुमच्याच पगाराचं, म्हटलं. त्या वेळचा. "आता काय त्याचं? त्यो तर खाऊन झाला," म्हणाल्या आणि माझा हात उचलून खालची धूळ पुसली.

फाईल परवा वर गेली. वरचे साहेब आता नवीन आहेत. काल परत आली. शेऱ्यात दोनच शब्द आहेत.